बाजूच्या सीटवरचा आवाज

शाळेला सुट्टी लागली की घरातला टीव्ही मुलांच्या ताब्यात जातो. कुणाच्या चाचांनी कुवेतहून आणलेला, कुणी ईदीचे पैसे साठवून जुना विकत घेतलेला, असा गेमचा कन्सोल कोकणापासून मराठवाड्यापर्यंत आता पुष्कळ घरांत दिसतो. मुले खेळायला बसली की मोठ्यांकडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : ‘अभ्यास झाला का?’ आणि ‘बंद करा ते आता!’ ‘काय खेळताय?’ असे मात्र फारसे कुणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे, कारण सगळे खेळ काही एकाच माळेचे मणी नसतात.

काही खेळ गोळीबाराचे असतात, काही क्रिकेट-फुटबॉलचे. मोटारींच्या शर्यतीचेही अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी रॅलीच्या खेळाविषयी येथे लिहायचे आहे. लांबून पाहणाऱ्याला तो धुळीत पळणाऱ्या गाडीचा नुसता गोंगाट वाटतो. पण कान देऊन ऐकले तर त्या गोंगाटात एक माणूस सारखा काहीतरी सांगत असतो. त्याचे ऐकले तर गाडी रस्त्यावर राहते. दुर्लक्ष केले तर ती दोन-चार वळणांतच झाडावर आदळते. आपल्या घरांनी या खेळाकडे पाहावे ते मुख्यतः या आवाजासाठी.

रॅली म्हणजे काय?

शर्यत म्हटली की गोल ट्रॅकवर एकमेकींना चिकटून धावणाऱ्या गाड्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. रॅलीत तसे नसते. येथे गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सुटतात. रस्ते नेहमीचेच असतात : घाटाचे, जंगलातले, खडीचे, चिखलाचे. तेवढ्या वेळापुरते ते इतर वाहतुकीसाठी बंद केलेले असतात. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ मोजतात, सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. शेजारून कुणी धक्का देत नाही, मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. लढाई असते ती रस्त्याशी आणि घड्याळाशी.

या स्पर्धांचा इतिहास मोठा आहे. माँटे कार्लोची रॅली १९११ साली सुरू झाली. तेथे जानेवारीत एकाच टप्प्यात कोरडे डांबर आणि बर्फ दोन्ही लागतात. स्वीडनमध्ये बर्फावर खिळे बसवलेल्या टायरांनी गाड्या धावतात. फिनलंडमध्ये खडीच्या रस्त्यांवरच्या उंचवट्यांवरून त्या हवेत उडतात. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली १९५३ पासूनची. ती केनियातले जोगिंदर सिंग यांनी १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा जिंकली. युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता यांनी ती १९७३ मध्ये आणि पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे, एकूण पाच वेळा जिंकली. आपल्याकडचे किती लोक ही नावे ओळखतात?

भारतातही रॅलीची राष्ट्रीय स्पर्धा होते. कोइम्बतूर आणि चिकमगळूरचे परिसर तिच्यासाठी ओळखले जातात. नाशिकच्या परिसरानेही या गाड्या पाहिल्या आहेत. गौरव गिल यांना २०१९ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारशर्यतीच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच अर्जुन पुरस्कार.

दिवाणखान्यात आलेली रॅली

रॅलीचा खेळ घराघरांत नेण्यात सेगा कंपनीच्या ‘सेगा रॅली’चा मोठा वाटा आहे. आधी तो नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर होता, १९९५ मध्ये घरच्या कन्सोलवर आला. डांबरावर गाडी एक प्रकारे वागते आणि चिखलावर दुसऱ्या, हे मुलांच्या बोटांना या खेळात जाणवले. १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ आली. स्कॉटलंडचे कॉलिन मॅक्रे १९९५ चे जगज्जेते. त्यांच्या नावाच्या या खेळात बाजूच्या सीटवरून जो आवाज ऐकू येई, तो त्यांचे खरेखुरे सहचालक निकी ग्रिस्ट यांचा होता. त्याच परंपरेत पुढे २०१५ ची ‘डर्ट रॅली’, २०१९ ची ‘डर्ट रॅली २.०’ आणि २०२३ ची ‘ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी’ आली. या शेवटच्या खेळात केनियाची सफारी रॅलीही आहे. शेखर मेहतांचे नाव ज्या रॅलीशी जोडले गेले, तिची लाल धूळ चिपळूणच्या किंवा मिरजेच्या घरातल्या पडद्यावर उडताना दिसू शकते.

आकड्यांची भाषा

रॅलीच्या गाडीत दोघे असतात. एक चालक, दुसरा सहचालक. सहचालकाच्या मांडीवर वही असते. वहीत त्या टप्प्यातले प्रत्येक वळण, प्रत्येक उंचवटा, प्रत्येक धोक्याचा दगड खुणांच्या भाषेत लिहिलेला असतो. स्पर्धेआधी दोघे मिळून त्या रस्त्यावरून सावकाश जातात. जागतिक स्पर्धेत अशा साधारण दोनच फेऱ्या मिळतात. पहिल्या फेरीत लिहायचे, दुसऱ्या फेरीत तपासून दुरुस्त करायचे. मग प्रत्यक्ष टप्प्यात चालक गाडी पळवतो आणि सहचालक वाचतो.

या भाषेची एक रूढ पद्धत एक ते सहा आकड्यांची आहे. सहा म्हणजे अगदी हलके वळण, वेग फारसा कमी करावा लागत नाही. पाच, चार, तीन असे खाली येत गेलो की वळण आवळत जाते. एक म्हणजे फारच अरुंद. त्याहूनही अवघड वळण म्हणजे आपल्या घाटात असते तसे उलट दिशेला फिरवणारे ‘हेअरपिन’. त्याला आणखी खुणा जोडतात. वळण पुढे आवळते की सैल होते, उंचवट्यापलीकडे काय आहे, आतल्या कडेला दगड असल्याने कोपरा कापायचा नाही, पुढे शंभर मीटर सरळ आहे, वगैरे. मराठीत सांगायचे तर एखादी सूचना अशी होईल : ‘डावे चार, पुढे तीन होते, कोपरा कापू नको, पन्नास, चढापलीकडे उजवे दोन, जपून.’

सहचालक गाडी आहे तिथल्या वळणाबद्दल बोलत नाही. तो पुढच्याबद्दल, कधी कधी त्याच्याही पुढच्याबद्दल बोलत असतो. चालकाला एका वळणातून गाडी काढताकाढता दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि चढापलीकडचा रस्ता दिसत नसतानाही वहीवर विश्वास ठेवून स्टिअरिंग वळवावे लागते. रॅलीच्या निकालात दोघांचीही नावे लिहितात आणि जागतिक स्पर्धेत सहचालकांना स्वतंत्र विजेतेपदही मिळते, ते याचमुळे.

या कामात नाव काढलेले एक गृहस्थ आपल्या देशातले आहेत. केरळमधील कासरगोडचे मूसा शरीफ. भारतातील सर्वांत अनुभवी सहचालकांत त्यांची गणना होते. गौरव गिल यांच्या बाजूच्या सीटवर बसूनही त्यांनी देशातल्या स्पर्धा जिंकल्या आहेत. चालकाचे नाव मोठ्या अक्षरांत छापून येते. त्याला रस्ता सांगणाऱ्याचे नाव शोधावे लागते.

सुरुवात कशी करावी?

नवीन मूल हा खेळ सुरू करते तेव्हा सर्वांत वेगवान गाडी निवडते, पहिल्याच वळणावर दरीत जाते आणि ‘हा गेम बेकार आहे’ म्हणून कंट्रोलर ठेवून देते. त्याला थोडी वाट दाखवावी लागते.

पहिली गाडी लहान इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी घ्यावी. ती मंद असते, पण मागून घसरून गिरकी घेत नाही. गिअर सुरुवातीला आपोआप पडू द्यावेत. सहचालकाच्या सूचना थोड्या आधी ऐकू याव्यात अशी सोय असेल तर ती वापरावी. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी लावून मोकळे व्हावे. खडीवर चाके घसरत राहतात, म्हणून डांबरापेक्षा बरेच आधी लावावे लागतात. वळणाच्या तोंडाशी पाय उचलला, म्हणजे येथे बोट उचलले, की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, त्यांची पकड वाढते आणि नाक वळते. मग हळूहळू वेग द्यायचा. हँडब्रेक हा हेअरपिनपुरता. मुलांना तो प्रत्येक वळणावर ओढायचा मोह होतो, आणि घड्याळ त्याची किंमत वसूल करते.

गाडीच्या आतून दिसणारे दृश्य खरे वाटते, पण काहींना त्याने मळमळते. त्यांनी बाहेरून दिसणारे दृश्य निवडावे. महागडे स्टिअरिंग मुळीच लागत नाही. आणि पहिले काही दिवस एकच ध्येय ठेवावे : गाडी शेवटपर्यंत नेणे. रस्ता सोडला की काही सेकंदांचा दंड बसतो. मोठा अपघात झाला तर रॅली तिथेच संपते. टप्पा बिघडला की पहिल्यापासून सुरू करण्याची सोय काही खेळांत असते. ती न वापरलेली बरी. पंक्चर चाकाने रखडत शेवट गाठण्यात जे शिकायला मिळते, ते बटण दाबून नवा डाव मांडण्यात मिळत नाही.

एक वही, दोन भावंडे

खेळातला सहचालक बहुधा इंग्रजीत बोलतो. मराठी किंवा उर्दू माध्यमातल्या मुलाला ते भराभर म्हटलेले शब्द सुरुवातीला कळत नाहीत. तो पडद्यावरच्या बाणांकडे पाहून चालवतो आणि खेळातला अर्धा रस गमावतो. माझ्या बहिणीच्या घरी मुलांनी यावर तोड काढली, ती मला फार आवडली.

भाचा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, भाची त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तो गाडी चालवायचा आणि ती ‘किती आवाज करतोस’ म्हणून चिडायची. मग कुठूनतरी तिला खऱ्या रॅलीतल्या वहीची गोष्ट कळली. तिने एक रेघी वही घेतली. भावाला एक टप्पा अगदी सावकाश, ताशी तीस-चाळीसने चालवायला लावला आणि वळणे लिहून घेतली. दुसऱ्या फेरीत ती तपासली. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन सहचालकाचा आवाज आणि पडद्यावरचे बाण दोन्ही बंद केले. आता वाचणार आपा आणि चालवणार भाऊ.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. ती उशिरा वाचायची, हा तिच्यावर ओरडायचा. एकदा तिने ‘उजवे दोन’ सांगितले, याला रस्ता सरळ दिसत होता, याने ऐकले नाही आणि गाडी ओढ्यात. ‘तू नीट सांगत नाहीस,’ म्हणून वर तिलाच बोलला. तिने वही मिटली. ‘चालव मग तुझं तूच.’ त्याने चालवले. जेमतेम तीन वळणे. पाच मिनिटांनी त्याने स्वतः वही उचलून तिच्यापुढे धरली. पलंगावर तसबीह घेऊन बसलेली त्यांची दादी म्हणाली, ‘या घरात बहीण सांगतेय आणि भाऊ ऐकतोय, हे पहिल्यांदाच बघतेय मी.’

आठवडाभरात वहीची पाने खुणांनी भरली. ‘झाड’, ‘खड्डा’, ‘इथे कालपण पडलास’ अशा त्यांच्या खास खुणाही त्यात आल्या. मग जागा बदलल्या. भाची चालवू लागली आणि तो वाचू लागला. दुसऱ्याला वेळेवर, शांतपणे आणि थोडक्यात सांगणे किती कठीण असते, हे त्याला तेव्हा समजले.

मुलींच्या हातात कंट्रोलर द्यायचा विषय निघालाच आहे, तर एक नाव सांगायला हवे. फ्रान्सच्या मिशेल मूतों यांनी १९८१ मध्ये इटलीतली सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला चालक, आणि त्यांच्या बाजूला वही घेऊन बसलेल्या फाब्रित्सिया पॉन्स याही महिलाच. पुढच्याच वर्षी मूतों जागतिक क्रमवारीत दुसऱ्या आल्या.

पडद्यावरची गाडी आणि खुंटीवरची चावी

आता काळजीची बाजू. पडद्यावर ताशी दीडशेच्या वेगाने घाट उतरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला अब्बांच्या मोटारसायकलची चावी खुंटीवर दिसत असते. भाच्यानेही एक दिवस ती मागितली. कुंभार्ली घाटात मित्रांबरोबर जायचे होते. ‘वळणं मला पाठ आहेत,’ म्हणाला. मोठ्यांनी काही बोलायच्या आत आपाने विचारले, ‘पाठ आहेत ना? मग सांग, तिसऱ्या वळणापलीकडून एसटी येतेय की नाही?’ तो गप्प बसला. चावी खुंटीवरच राहिली.

तिच्या प्रश्नात रॅलीचे सगळे शास्त्र आहे. चालक आंधळ्या वळणात वेगाने शिरतो, कारण रस्ता बंद आहे हे त्याला ठाऊक असते. समोरून कुणी येणार नाही. डोक्यावर हेल्मेट, गाडीत पोलादी सांगाडा आणि हातात तपासलेली वही असते. आपल्या रस्त्यावर यातले काही नसते. तिथे शाळेतून येणारी मुले असतात, शेळ्या असतात, वळणावर ओव्हरटेक करणारा ट्रक असतो. खेळातली गाडी आदळली तर काही सेकंद जातात. याविषयी मुलाशी बोलायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे तो खेळत असतानाची, त्याच्या शेजारी बसून.

कायदाही पालकांनी नीट समजून घ्यावा. गिअर असलेल्या मोटारसायकलच्या परवान्याला अठरा वर्षे पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या दुचाकीपुरता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी रोखण्याचा प्रयत्न केला होता’ हे त्यालाच सिद्ध करावे लागते. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. नोकरीसाठी गाडी चालवता येणे आवश्यक असलेल्या, आखातात जाऊ पाहणाऱ्या तरुणाचे यात किती नुकसान आहे, ते वेगळे सांगायला नको.

उत्तम खेळता आले म्हणजे उद्या मूल खऱ्या रॅलीत उतरेल, असेही कुणी समजू नये. उत्तर आयर्लंडचे जॉन आर्मस्ट्राँग २०१८ मध्ये रॅलीच्या व्हिडिओ गेमचे जगज्जेते झाले, हे खरे. पण त्याआधीपासून ते खऱ्या रॅलींत गाडी चालवत होते. कतारचे नासिर अल-अत्तिया यांनी डकार रॅली अनेकदा जिंकली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदकही मिळवले. दुबईचे मोहम्मद बिन सुलायम मध्यपूर्वेच्या रॅलीचे चौदा वेळा विजेते ठरले आणि २०२१ पासून मोटार खेळांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष आहेत. अशी नावे मुलांना जरूर सांगावीत. त्यांमागे कित्येक वर्षांची प्रत्यक्ष मेहनत, मोठा खर्च आणि शिस्त आहे, हेही सोबत सांगावे.

घरचे काही नियम

रॅलीच्या खेळात वेळेची मर्यादा घालणे सोपे जाते, कारण बहुतेक टप्पे पाच ते दहा मिनिटांत संपतात. ‘अर्धा तास’ म्हणण्याऐवजी ‘आज चार टप्पे’ असे ठरवावे. टप्प्याच्या मध्येच टीव्ही बंद केला की भांडण ठरलेले. संपल्यावर बंद करायला सांगितले तर मूल ऐकते. अजान झाली किंवा जेवायला हाक आली तर थांबवायचे बटण असतेच. रात्री झोपायच्या आधीचा तास पडद्याविना जावा.

खेळ विकत घेताना खोक्यावरचा वयाचा आकडा पाहावा. रॅलीच्या खेळांना सहसा लहान वयाचा आकडा असतो, कारण त्यांत रक्तपात नसतो. जुनी डिस्क घेत असाल तर तो खेळ इंटरनेटशिवाय कितपत चालतो, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. खेळाच्या आतून पैसे देऊन गाड्या विकत घ्यायची सोय असेल तर तिला पासवर्ड लावावा आणि तो मुलांना सांगू नये.

आणखी एक नियम मोठ्यांसाठी. येत्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी मुलाच्या बाजूला बसा. एक वही आणि पेन घ्या, त्याला एक टप्पा सावकाश चालवायला सांगा आणि वळणे लिहा. चुकेल, तो हसेल, पान खोडावे लागेल. दुसऱ्या फेरीत तपासा. तिसऱ्या फेरीला आवाज चढवू नका, आधी सांगा आणि थोडक्यात सांगा. त्याची गाडी दरीत गेली तर लगेच उपदेश नको. वहीत त्या वळणापुढे ‘जपून’ लिहा आणि पुन्हा वाचायला घ्या.